अडलं का? बरं झालं

'समजलं का?' हे दोन शब्द आमच्या शाळेत उच्चारायला बंदी होती. मला ते ठाऊक नव्हतं. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी मी वजाबाकी शिकवून सवयीने ते विचारले, मुलांनी सवयीने एका सुरात 'होऽऽ' केलं, आणि शेजारच्या खोलीतून हेडसर खडू हातात घेऊन धावत आले. मला वाटलं, वर्गात साप निघाला.

"बाई, तेवढं विचारू नका," ते धापा टाकत म्हणाले. "'समजलं का' म्हटलं की पोरं 'हो' म्हणतात. आणि ती सवय एकदा लागली की जात नाही. आमच्या ग्रामसभेला येऊन बघा एकदा."

"मग काय विचारू?"

"'अडलं का?' असं विचारा. आणि कुणी 'हो' म्हटलं की म्हणायचं, बरं झालं."

नगरहून रोज स्कूटीवर पठार चढून येणारी मी, बी.एड.च्या सगळ्या पद्धती पाठ असलेली. मनात म्हटलं, झालं, आपल्या नशिबी हे आले. पारनेरच्या वरच्या अंगाचं ते छोटं गाव. दोन खोल्या, चार इयत्ता, मी आणि हे गृहस्थ. उंच, किडकिडीत, चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला, आणि शर्टाच्या खिशाला कायमचा गेरूचा डाग. हेडमास्तरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात रंगाचा ब्रश असे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

तो ब्रश कशासाठी, ते मला त्याच आठवड्यात कळलं. तेव्हा पहिलीत असलेल्या कोमलने मला विचारलं, "बाई, उन्हात मेंढ्या येकमेकींच्या पोटाखाली मुंडकं का घालत्यात?" कोमलचं घर माळावरच्या वस्तीवर, दारात मेंढरं. मला मेंढी म्हणजे स्वेटर एवढंच माहीत. मी म्हटलं, "ते आपल्याला अभ्यासक्रमात नाही." हेडसर दारात उभे होते. त्यांनी चपला काढल्या. मला वाटलं, पायात काटा मोडला असेल. पण ते अनवाणी तसेच बाहेर गेले, स्टूल घेतलं, आणि शाळेच्या रस्त्याकडच्या पांढऱ्या भिंतीवर गेरूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'उन्हात मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकं का घालतात?' आणि खाली लिहिलं: 'अडलेले: बाई.'

रस्त्याकडची भिंत. समोर एसटीचा थांबा, शेजारी दूध संकलन केंद्र. मला रडूच आलं. पण भिंत नीट वाचली तर तिथे जागोजाग 'अडलेले: हेडमास्तर' दिसत होतं. इंद्रधनुष्याला टोकं का नसतात, उचकी नाव घेतल्यावर का थांबते, विहिरीचं पाणी थंडीत कोमट का लागतं, सगळीकडे हेडमास्तर अडलेले. गावातली मोठी माणसंसुद्धा तिथे अडलेली होती. नियम एकच. उत्तर कुणीही द्यावं, पण ते वर्गाला पटलं पाहिजे. हात वर करायचे. एकाचा जरी हात खाली राहिला तरी नाव पुसायचं नाही.

मी पुढचे काही दिवस दूध केंद्रावरून मान खाली घालून जायची. केंद्र चालवणारे शब्बीरभाई वजनकाट्यामागून हाक मारायचे, "बाई, अडलेलंच हाय का अजून?" कॅन घेऊन आलेली माणसं हसायची. शेवटी मी इरेला पेटले. एका रविवारी मुद्दाम गावात आले, थर्मामीटर घेऊन. हेडसर रविवारचेही हजर होतेच. आम्ही सगळा वर्ग घेऊन भर दुपारी कोमलच्या मेंढरांत शिरलो. उघड्या उन्हातला पारा बघितला, मेंढीच्या पोटाखालचा बघितला. मेंढ्या हलायच्या, पोरं ओरडायची, कोमलचे आजोबा काठी आपटत म्हणायचे, "बाई, सरका, ती लाथ मारील." पारा चांगलाच खाली आलेला पाहून मी अशी नाचले की माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सगळे हात वर गेले. सरांनी माझ्या नावावर चुन्याचा हात फिरवला आणि शब्बीरभाईंनी रस्त्यापलीकडून जाहीर केलं, "बाई सुटल्या."

त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षाची झाले, हे सरळ सांगून टाकते.

चपलांचं कोडं पण तेव्हाच उलगडलं. प्रश्न खरोखरच चांगला आला की ते चपला काढत. कुणी विचारलं तर म्हणत, "देवळात काढतोच की आपण." बाकी देवळात मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलांना ते पक्कं ठाऊक होतं. प्रश्न विचारला की सगळा वर्ग आधी सरांच्या पायांकडे बघे. चपला पायातच राहिल्या तर विचारणारा हिरमुसायचा आणि दुसरा शोधायला लागायचा.

सर मूळचे काष्टीचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्यांची मोपेड काष्टीच्या बैलबाजाराला निघायची. बैल घ्यायचा नव्हता, विकायचा नव्हता. मी एकदा विचारलंच, तर म्हणाले, "गिऱ्हाईक बैलाला किती प्रश्न विचारतं ते ऐकायला जातो. दात बघतील, खूर बघतील, चालवून बघतील, औताला कसा आहे, मारका आहे का, खातो काय. आणि पोरगं शाळेत घालताना काय बघतात? गाडीचा रंग."

गाडी म्हणजे इंग्रजी शाळेची पिवळी गाडी. ती रोज सकाळी मारुतीच्या पारापाशी थांबे आणि गावातली टाय लावलेली मुलं उचलून नेई. त्यामुळे सरांनी नियम करून टाकला होता की पालकाने निदान एक खरा प्रश्न विचारल्याशिवाय पोराला दाखल करायचं नाही. 'पट घसरतोय, आणि हे दारात आलेल्याला अडवतायत,' म्हणून मी कपाळावर हात मारायची.

इंग्रजीचंही त्यांचं असंच. रोज प्रार्थनेनंतर अर्धा तास शाळेत सगळ्यांनी इंग्रजीत बोलायचं, खिचडी शिजवणाऱ्या मावशींसकट. सरांचं इंग्रजी ऐकून माझ्या अंगावर काटा यायचा. मी हळूच एकदा चूक दाखवली तर खूश होऊन म्हणाले, "बाई, माझं इंग्रजी मोडकं आहे, पण चालतंय. तुमचं धड आहे, पण बसून आहे." मला मेलं ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी वर्ग घेऊन दूध केंद्रावर गेले आणि मुलांनी कॅन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला इंग्रजीत प्रश्न विचारले. शब्बीरभाईंनी उत्तरं दिली. कुणाचंच बरोबर नव्हतं आणि कुणीच थांबत नव्हतं. मला इतकी मजा शिकवताना आधी कधी आली नव्हती.

वरून फोटो मागवले जायचे ते वेगळंच. शपथ घेतानाचा फोटो, झाड लावतानाचा फोटो, हात धुतानाचा फोटो. आमच्याकडे मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर. सर शिडीने टाकीवर चढायचे आणि खाली आम्ही फोटो जाण्याची वाट बघत बसायचो. एकदा त्यांनी दुसरीला विचारलं, "आज काय शिकलो?" पोरं म्हणाली, "फोटोला उभं राहायला." हात धुण्यासाठी शाळेला नवी मोरी बांधून मिळाली होती, टाइल्स लावलेली, एका रांगेत नळ. त्यांना पाणीच जोडलेलं नव्हतं. सरांनी मुलांना कोरडे साबण हातात देऊन कोरड्या नळांपुढे उभं केलं, फोटो काढला, खाली लिहिलं 'पाण्याची वाट पाहताना', आणि टाकीवर चढून पाठवून दिला. वरून लगेच अंगठा आला: छान उपक्रम.

मग ती बातमी आली. पट फार कमी झाला म्हणून आमची शाळा हायवेपलीकडच्या मोठ्या गावाच्या शाळेत मिळवायचं चाललं होतं. शिक्षण खात्याचे मोठे साहेब स्वतः येऊन बघणार आणि ठरवणार. संध्याकाळी कोमलची आई वस्तीवरून शाळेत आली. कोमल तेव्हा तिसरीत होती.

"बाई, शाळा तिकडं गेली तर म्या न्हाई पाठवायची हिला," ती म्हणाली. "हायवे वलांडून कोन जानार? मी मेंढरामागं. मोठीला बी आसंच घरी बसवलं हुतं."

कोमल तिच्या पदराला धरून उभी होती. मी सरांकडे बघितलं. ते कोमलकडे बघत होते आणि खिशातल्या ब्रशवरचं वर्तमानपत्र नुसतंच उलगडत आणि गुंडाळत होते.

गावालाही शाळा जायला नको होती, हे मला मान्य केलं पाहिजे. फक्त गावाची तऱ्हा निराळी. आप्पा म्हणजे आमचे सरपंच, मनाने दिलदार माणूस. त्यांची नात ईश्वरी पिवळ्या गाडीने जायची, पण शाळेबद्दल त्यांना भारी अभिमान. ते स्वतः तिथेच शिकलेले. साहेब येणार म्हटल्यावर त्यांनी गणपती मंडळाची पोरं जमवली, देवळाच्या रंगकामातला उरलेला गुलाबी डिस्टेंपर काढला, आणि सुट्टीच्या दिवशी आम्हाला न सांगता शाळा चकाचक करून टाकली. रस्त्याकडची भिंतसुद्धा. सगळे प्रश्न गेले. त्यांच्या जागी गुलाबी रंग, खालच्या कोपऱ्यात 'सुस्वागतम' आणि दोन्ही बाजूंना एकेक कमळ.

साहेब यायच्या दिवशी सकाळी मी ते पाहिलं आणि मटकन पायरीवर बसले. शब्बीरभाई केंद्र सोडून रस्ता ओलांडून आले.

"गुरुजी, माझा सवाल गेला की हो. वरीस झालं हुता त्यो." त्यांचा प्रश्न साऱ्या गावाला पाठ होता: गाय तीच, वैरण तीच, तर सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाचं फॅट वेगळं का.

आप्पा हार घेऊन उभे होते. चेहरा कौतुक ऐकायला उत्सुक. "कसं वाटतंय, गुरुजी? साहेबांनी त्ये अडलेलं-बिडलेलं वाचलं आसतं तर म्हनले आसते, ह्यांस्नी कायच येत न्हाई."

सर भिंतीपाशी गेले. मला वाटलं, आता भडका उडणार. त्यांनी पालथ्या हाताने रंगाला स्पर्श केला, मागे सरकले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. त्यांचे डोळे लकाकत होते.

"बाई," ते म्हणाले, "एवढी मोठी कोरी भिंत मला सगळ्या नोकरीत पहिल्यांदा मिळतेय." मग शब्बीरभाईंना म्हणाले, "आणि तुमचा सवाल ध्यानात आहे ना तुमच्या? मग गेला कुठं?"

साहेब आले. चांगला माणूस होता, उगाच खोटं कशाला बोलू. खुर्चीवर न बसता मुलांच्यात सतरंजीवर बसले, गोष्ट सांगा म्हणाले, कविता ऐकली. गाव दारात आणि खिडक्यांत गोळा झालेलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्हाला मला काही विचारायचंय का?" हे वाक्य आमच्या शाळेत विचारायचं म्हणजे काय, याची त्यांना कल्पना नव्हती.

कोमल उठली. "साहेब, आमची शाळा बंद का करायची?"

मला वाटलं, आता ते विषय बदलतील. पण साहेबांनी टाळलं नाही. "बाळ, तुम्ही फार थोडी मुलं आहात. तिकडे मोठी शाळा आहे, खेळायला मैदान आहे, सोबती मिळतील, प्रत्येक वर्गाला वेगळे शिक्षक आहेत."

नियम म्हणजे नियम. सरांनी वर्गाला विचारलं, "पटलं का? हात वर." आणि आमची इमानदार कार्टी, मैदान ऐकून त्यांनी खरंच हात वर केले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा एकच हात खाली होता.

"मंग पोरं थोडी का झाली?" कोमल म्हणाली. "गावात तर लई हायेत."

साहेब हसले. "ते मला कसं माहीत असणार? ते तुझं गाव सांगेल."

सगळ्यांनी माना वळवल्या. दारात सर्वांत पुढे आप्पा उभे होते. "त्येचं काय हाय…" आप्पांनी सुरुवात केली. हारातलं एक फूल चुरगाळलं. "म्हंजे आता… जमाना…" आणि थांबले.

सरांनी चपला काढल्या.

ते अनवाणी बाहेर गेले, स्टूल घेतलं. सगळं गाव मागे, साहेबसुद्धा. नव्याकोऱ्या गुलाबी रंगावर, सुस्वागतमच्या बरोबर वर, गेरूची अक्षरं उमटली: 'गावातली मुलं गावच्या शाळेत का नाहीत?' आणि खाली: 'अडलेले: आप्पा.'

कुणी हसलंसुद्धा नाही. साहेबांनी मला विचारलं, ही काय भानगड आहे. मी भिंतीचा सगळा नियम सांगितला. ते बराच वेळ वाचत उभे राहिले. मग आप्पांना म्हणाले, "मी जूनपर्यंत थांबतो. तेव्हाचा पट बघू, मग ठरवू." गाडीत बसताना त्यांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं.

गाडी गेल्यावर आप्पा सरांवर उसळले. "माझ्याच रंगावर माझंच नाव? पुसा आधी."

"पुसतो की," सर म्हणाले. "उत्तर द्या."

"बदली करीन तुमची."

"करा. पण आप्पा, अडलं ना? बरं झालं. मी तुमच्या बाजूनं आहे."

आप्पा तणतणत निघून गेले. मला सरांचा संताप आला होता. गावाला दुखावून शाळा राहते का, असं मी त्यांना तोंडावर विचारलं. त्यांनी खिशातला ब्रश काढला. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. लिहू का भिंतीवर?" आणि खरंच लिहिलं. खाली 'अडलेले: हेडमास्तर.'

उन्हाळाभर आप्पांचं नाव तिथेच. पहिले काही दिवस ते दूध घालायला आले की शब्बीरभाई काटा बघता बघता विचारायचे, "आप्पा, अडलेलंच हाय का?" मग आप्पांनी दूध गड्याबरोबर पाठवायला सुरुवात केली. पण लग्नसराईला कोण आवरणार? एसटीतून उतरणारा प्रत्येक पाहुणा आधी भिंत वाचायचा. देवळाली प्रवऱ्याचे त्यांचे व्याही वाचून थेट घरी गेले आणि पाणी पिता पिता म्हणाले, "काय आप्पा, उत्तर सापडलं का?" ही हकिकत शब्बीरभाईंनीच मला रंगवून सांगितली.

शाळा उघडली त्या सकाळी आप्पा ईश्वरीचा हात धरून आले. तिच्या गळ्यात टाय नव्हता.

"नातीला घ्या अन् माझं नाव पुसा," ते म्हणाले.

"आधी प्रश्न विचारा," सर म्हणाले.

मला वाटलं, आता हा माणूस हातातलं सगळं घालवणार. आप्पा रागाने लाल झाले. "काय इचारू?"

"काष्टीला बैल घेताना काय विचारता?"

आप्पा ईश्वरीकडे बघत राहिले. राग हळूहळू उतरला. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "हिला इंग्रजी यील का, गुरुजी? तिथं यायला लागलं हुतं."

"बाई, हे तुमचं," सर म्हणाले.

मी म्हटलं, "येईल. पण सकाळी दूध केंद्रावर तुम्हाला तिच्याशी इंग्रजीत बोलावं लागेल. शब्बीरभाई बोलतात." शब्बीरभाईंचं नाव ऐकल्यावर आप्पांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मग त्यांनी वर्गापुढे उत्तर दिलं. टोपी हातात घेऊन. "लोकांनी पिवळ्या गाडीत घातली, म्हून म्या घातली. म्या घातली म्हून बाकीच्यांनी घातली. दुसरं काय बी न्हाई." सगळे हात वर गेले. कोमलचा खालीच.

"आप्पा, ही येकलीच आली," ती म्हणाली. "बाकीची?"

आप्पांनी टोपी घातली आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून गावाने जे पाहिलं ते असं की सरपंच घरोघर हिंडतायत आणि प्रत्येक उंबऱ्यात एकच सांगतायत, "माझं नाव पुसायचंय, पोरगं द्या." शब्बीरभाईंनी आपल्या दोन्ही नातवंडांना आणलं आणि प्रवेशाचा प्रश्न म्हणून फॅटचाच विचारला. रोज कुणी ना कुणी दारात. सतरंजी कमी पडली, मग दुसरी आणली, मग मुलं व्हरांड्यात बसायला लागली. मी नगरहून येताना घाट कधी संपला ते कळायचं नाही, आज कोण आलं असेल याच विचारात. सगळी आली नाहीत. पिवळी गाडी अजूनही पारापाशी थांबते. पण साहेबांनी जूनच्या शेवटी येऊन पट पाहिला, व्हरांडा पाहिला, आणि शाळा इथेच राहील असं सांगून गेले. कोमलची आई त्या दिवशी शाळेच्या फाटकापाशी उभी राहून नुसती रडत होती.

आता सर निवृत्त होऊन काष्टीला राहतात, बाजार घराजवळ आला म्हणून सुखात आहेत. त्यांची आठवण निघाली की मला दरवेळी जूनच्या त्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार दिसते. मुलं खिचडी खाऊन उठलेली. आप्पांना बोलावणं धाडलेलं. सरांनी विचारलं, "पटलं का? हात वर." कोमलने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, व्हरांड्यातली मुलं पाहिली, आणि हात वर केला. आम्ही टाळ्या वाजवून शाळा डोक्यावर घेतली. सरांनी चुन्याचा डबा आणि ब्रश आप्पांच्याच हातात दिला. आप्पा स्टुलावर चढले आणि आपल्या नावावर एक हात, दोन हात, मनसोक्त हात फिरवत राहिले. शब्बीरभाई पलीकडून ओरडले, "आप्पा सुटले." आप्पा एवढे हसले की स्टूल हललं.

खरकटे हात घेऊन ईश्वरी मोरीपाशी उभी होती. तिने एक नळ फिरवला, दुसरा फिरवला, तिसरा फिरवला.

"आप्पा," तिने विचारलं, "टाकीत पाणी आहे, मग आमच्या नळाला का येत नाही?"

आप्पा स्टुलावर तसेच थांबले. त्यांनी टाकीकडे बघितलं, नळांकडे बघितलं. मग, आमच्या शाळेत सगळे बघतात तसंच, त्यांनी खाली वाकून सरांच्या पायांकडे बघितलं.

चपला निघालेल्या होत्या.

आप्पा हळूच स्टुलावरून उतरले, ब्रश सरांपुढे धरला आणि म्हणाले, "लिवा, गुरुजी."